जमीन श्रीमंत, फोटोतला माणूस उपाशी: चौकटीबाहेर काय राहतं?

ओसरीवरून (धागाकर्ती):

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक फोटो फिरत होता. चिखलाने माखलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा, डोक्यावर पोतं, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली ओळ: ‘तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत या लेकराचं रक्त आहे. शेअर करा.’ भराभर हात जोडलेले इमोजी पडले, मग कुणीतरी टँकरच्या पाण्याचा विषय काढला आणि पोरगं वर सरकून गेलं.

मुलाचं नाव नाही, गावाचं नाही, फोटो काढणाऱ्याचंही नाही. बहुधा काँगो असावं. फोटो खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तिथल्या कोल्वेझी भागात मुलं बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टच्या कामावर राबतात हे अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेने २०१६ साली सविस्तर मांडलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगोतून येतं. त्यातलं बहुतेक मोठ्या यांत्रिक खाणींतलं. हाताने खणणाऱ्यांचा वाटा त्यामानाने लहान. हे खणणारे पोती भरून मुसोम्पोसारख्या बाजारात नेतात. तिथे ओळीने डेपो. डेपोवाला पोतं काट्यावर टाकतो, हातातलं यंत्र मालावर धरून कोबाल्ट किती टक्के ते बघतो आणि भाव सांगतो. काटा त्याचा, यंत्र त्याचं, फळ्यावर लिहिलेला दरही त्याचाच. खणणाऱ्याने हुज्जत घातली तर पोतं परत उचलायचं आणि पुढच्या डेपोत हाच खेळ. तिथून माल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत, पुढे बहुतांशी चीनला.

ही झाली खालची साखळी. वरची अशी की काँगोतल्या खाणींचे हक्क राजकीय ओळखीवर स्वस्तात पदरात पाडून घेतल्याच्या आरोपावरून डॅन गर्टलर या हिरे-खाण व्यावसायिकावर अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये निर्बंध घातले. ग्लेनकोर या बड्या कंपनीने मे २०२२ मध्ये कोर्टात लाचखोरी कबूल केली; लाच दिलेल्या देशांच्या यादीत काँगो आहे, नायजेरियाही आहे. आता या लाचेचा फोटो कसा दिसेल? एखादा सूटवाला कोर्टाच्या पायऱ्या चढतोय, एवढाच. तो कोण शेअर करणार!

ओसाड जमिनीवरची भूक आणि सोन्यावर बसलेल्या गावातली भूक फोटोत सारखीच दिसते. बघणाऱ्याला वाटतं, तिथे काही नाहीच बिचाऱ्यांकडे. प्रत्यक्षात तिथे इतकं आहे की ते न्यायला जग रांग लावून उभं आहे. जाणकारांनी लिहावं.

काळंपांढरं:

ताई, फोटोग्राफरच्या बाजूने थोडं. मी विदर्भात वर्तमानपत्रांसाठी फोटो काढण्यात उमर घातली. पावसाळा लागला की डेस्कवरून फोन ठरलेला: मेळघाटात जा, कुपोषणाचा फोटो पाठव. बातमी नाही, फोटो. मी सात-आठ फ्रेम पाठवायचो. त्यात अंगणवाडीचं कुलूप असे, वाहून गेलेली मोरी असे, दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरची वाट बघणाऱ्या बाया असत, आणि आईच्या मांडीवरचं एक हाडकलेलं मूल असे. छापून काय येई ते सांगायला नको. ओळ दोन शब्दांची: ‘मेळघाटातील वास्तव’. आईचं नाव, पाडा, तालुका मी लिहून दिलेलं. ते पान लावताना जागेअभावी उडायचं. कुलपाचा फोटो छापला असता तर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. मुलाच्या फोटोला कुणीच उत्तर देणं लागत नाही.

तेव्हा जाब विचारायचाच तर आधी पान लावणाऱ्याला विचारा.

निवांत_पाटील:

उपाशी मुलीमागे टपून बसलेल्या गिधाडाचा तो फोटो विसरलात का? त्या फोटोग्राफरने मुलीला मरू दिलं, फोटो काढला, नोबेल घेतलं आणि मग पश्चात्तापाने जीव दिला. यातच सगळं आलं.

काळंपांढरं:

पाटील साहेब, हे व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठातलं झालं. नोबेल नव्हे, पुलित्झर, १९९४ चं. केव्हिन कार्टर, मार्च १९९३, दक्षिण सुदानातलं आयोद गाव. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या विमानातून तो तिथे उतरला होता आणि अन्नवाटपाचं केंद्र हाकेच्या अंतरावर होतं. २६ मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने फोटो छापला. वाचकांनी इतकं विचारलं की काही दिवसांत संपादकांना खुलासा टाकावा लागला. २०११ मध्ये स्पेनच्या एका वर्तमानपत्राने त्या मुलाचं घर शोधून काढलं. ती मुलगी नव्हती, मुलगा होता. त्या दुष्काळातून तो वाचला आणि बऱ्याच वर्षांनी तापाने गेला. कार्टरने जुलै १९९४ मध्ये आत्महत्या केली हे खरं, पण त्याच्या चिठ्ठीत पैशांची ओढाताण आहे, डोळ्यांसमोरून न जाणाऱ्या हत्या आहेत, नुकताच गोळीबारात गेलेला मित्र आहे. सगळं त्या एका गिधाडाच्या माथी मारू नका.

खरी चुकलेली गोष्ट पुढेच आहे. आयोद, कोंगोर, वाट या तीन गावांच्या पट्ट्याला तेव्हा मदत संस्थांचे लोक ‘हंगर ट्रँगल’ म्हणत. तिथली भूक पावसाने दिलेली नव्हती. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या बंडखोर सेनेत फूट पडली, दोन्ही गटांनी एकमेकांची गावं जाळली, गुरं हाकून नेली. गुरं गेली म्हणजे त्या लोकांचं दूध गेलं, बँक गेली, लग्नंही गेली. फोटोत काय दिसतं? मूल, पक्षी, सुकं रान. जणू आकाशातून आलेलं संकट.

खाडीपलीकडे:

मी तेलाच्या धंद्यातला, सध्या नायजेरियात पोर्ट हारकोर्टला असतो. वरच्या प्रतिसादाला जोडून: दक्षिण सुदानात बेंतिऊच्या आसपास शेव्हरॉनला सत्तरच्या दशकाच्या शेवटी तेल लागलं आणि उत्तर-दक्षिण भांडणात तेही एक कारण होऊन बसलं. १९९९ मध्ये लाल समुद्रापर्यंत पाइपलाइन पडली. तेलपट्ट्यातली गावं रिकामी करण्यावरून बोभाटा झाल्यावर कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीने आपला २५ टक्के हिस्सा विकला. घेतला कुणी? आपल्या ओएनजीसी विदेशने, २००३ मध्ये. आपल्याकडे तेव्हा ही ऊर्जासुरक्षेची शुभवार्ता होती. गिधाडाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला, पण या दोन गोष्टी एका पानावर आलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

आता नायजेरिया. ओलोईबिरीला १९५६ मध्ये तेल लागलं. त्या पहिल्या विहिरीचं गंजलेलं तोंड आणि शेजारचा फलक हा इथे येणाऱ्या प्रत्येक पत्रकाराचा ठरलेला फोटो आहे, आपल्याकडे आलेला पाहुणा गेटवेसमोर उभा राहतो तसा. दुसरा ठरलेला फोटो तेलासोबत निघणारा गॅस जाळतात त्या ज्वाळेचा. पण ज्वाळेचा एक फोटो मला पटतो. इथल्या उऱ्होबो जमातीच्या बायका कसाव्याचा (साबुदाण्याच्या कंदाचा) कीस ज्वाळेच्या धगीत वाळवतात. टोपल्या, पसरलेला पांढरा कीस, वाकलेल्या बायका आणि मागे घरघरणारी ज्वाला. तो कसावा बाजारात विकला जातो. फुकटचं इंधन म्हणून बायकांना ती जागा हवीही असते, आणि तीच धग आणि धूर त्यांच्या छातीत जातो. एड काशी या अमेरिकन फोटोग्राफरने हे टिपलं. नायजर डेल्टावरचं, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या या तेलपट्ट्यावरचं, त्याचं पुस्तक २००८ चं. त्याच सुमाराला इथल्याच जॉर्ज ओसोदीनेही डेल्टाचे फोटो काढले आणि ते २००७ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात जर्मनीत लागले.

फरक सांगू? माझ्या साइटवरचे नायजेरियन सहकारी काशीचे फोटो (त्यात धुरात मांस भाजणारेही आहेत) बघून वैतागतात. म्हणतात, आम्ही काय फक्त धुरात मांस भाजतो? ओसोदीच्या फोटोत त्याच ज्वाळेपुढून नवे कपडे घातलेली माणसं चाललेली दिसतात. त्रास तोच, पण माणसाला त्या दिवशी दुसरं कामही असतं.

मोरपंखी:

काँगोचं निघालंच आहे तर १९०४ चा एक फोटो सांगते. पाहिला नसेल तर बघा, पण मन घट्ट करून.

तेव्हा काँगो हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होता. देशाचाही नाही, राजाचा! रबर हे तिथलं कोबाल्ट. बारिंगा गावात अ‍ॅलिस सीली हॅरिस ही इंग्लिश मिशनरी बाई राहत होती. एक दिवस एन्साला नावाचा माणूस पानात बांधलेलं पुडकं घेऊन आला. आत त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाऊल. गावाने रबराचा कोटा भरला नाही म्हणून कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारलं होतं. अ‍ॅलिसने त्याला ओट्याच्या कडेला बसवलं आणि पुडक्यातलं समोर ठेवायला सांगितलं. फोटोत तो बाजूने दिसतो. तो रडत नाही, कॅमेऱ्याकडेही बघत नाही. समोरच्या त्या दोन लहान वस्तूंकडे बघतो.

हा फोटो पारदर्शक काचेवर उतरवून ब्रिटन-अमेरिकेत गावोगावी पडद्यावर दाखवला गेला. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला.

पण धाग्याच्या विषयाला धरून महत्त्वाचं पुढे आहे. या फोटोसोबत माणसाचं नाव होतं, गाव होतं, कंपनीचं नाव होतं: एबीआयआर. आणि मोहिमेचा म्होरक्या होता ई. डी. मोरेल. तो फोटोग्राफर नव्हता, लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत कारकून होता. कामानिमित्त अँटवर्पच्या धक्क्यावर जायचा. काँगोतून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली येतात आणि परत जाताना त्यांत प्रामुख्याने बंदुका आणि काडतुसं असतात, हे त्याने मालाच्या नोंदींतून ओळखलं. मजुरी म्हणून द्यायचा माल जातच नाही, मग रबर येतं कशाच्या बदल्यात? तिथून सुरुवात झाली.

आधी वही, मग फोटो. आजच्या फोटोंना वहीच नाही.

स्पष्ट_बोलू_का:

मोरपंखी, लिहिलंय सुरेख, पण १९०८ नंतर काय झालं तेही लिहा की. राजा गेला, बेल्जियम सरकार आलं. कटांगातलं तांबं उपसणारी युनियन मिनिएर तर १९०६ मध्येच स्थापन झाली होती, ती पुढे साठ वर्षं उपसत राहिली. हिरोशिमावरच्या बाँबमधलं बरंचसं युरेनियमही तिथल्याच शिंकोलोब्वे खाणीतलं. फोटोने राजा बदलला, खाण नाही.

आणि फोटो बघून कायदे केले की काय होतं याचा ताजा दाखला घ्या. पूर्व काँगोतल्या खाणींवर बंदूकवाल्यांचा ताबा, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेने डॉड-फ्रँक कायद्यात कलम १५०२ घातलं. कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं काँगो किंवा शेजारून आलंय का ते कंपन्यांनी जाहीर करायचं. त्यामागच्या मोहिमेचा चेहरा होता बंदुकीखाली खणणारी माणसं आणि अत्याचार झालेल्या बायका. कंपन्यांनी साधा मार्ग काढला: चौकशीची कटकट नको, तिथून घेऊच नका. त्यात काँगोचे राष्ट्राध्यक्ष काबिला यांच्या सरकारने सप्टेंबर २०१० ते मार्च २०११ हाताने खणण्यावर सरसकट बंदी घातली. खणून पोट भरणाऱ्यांच्या चुली विझल्या. तिथले लोक त्या कायद्याला ‘ओबामाचा कायदा’ म्हणून शिव्या घालत. त्या रिकाम्या खाणीशेजारी बसलेल्या माणसाचा फोटो कुणी व्हायरल केला?

दया आली की माणूस घाईत असतो. एवढंच.

मोरपंखी:

स्पष्ट, मुद्दा मान्य, पण मग कायदा करूच नये का? सोनं उपसून युगांडामार्गे जायचं तेव्हा २००५ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल आला आणि एका स्विस कंपनीने युगांडाचं सोनं घेणं थांबवलं. त्या अहवालात कुठल्या खाणीतलं सोनं कुणाच्या हातातून कुठे जातं ते नावानिशी होतं. तुमच्या उदाहरणात सगळा देश एका रंगात रंगवला. फरक तिथे आहे.

टंकाळा:

वाचतोय. भारी धागा. अवांतर होईल, तरी लिहितो. अलेस्सिओ मामो नावाच्या इटालियनाने २०११ मध्ये उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात काय केलं माहितीये? टेबल मांडलं, त्यावर खोटं प्लास्टिकचं जेवण ठेवलं, गावातल्या गरीब लोकांना शेजारी उभं केलं आणि डोळे झाकून आवडतं जेवण आठवा म्हणाला. २०१८ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोच्या इन्स्टाग्रामवर ते आलं आणि जगभरातून त्याला धुतला. मला त्यात एकच बघायचं होतं: त्या लोकांना नंतर खरं जेवण दिलं का.

कॅनव्हास:

सेबास्तियाओ सालगादो या फोटोग्राफरचा विषय अजून कुणी काढला नाही, आश्चर्य आहे. २०२५ च्या मे महिन्यात गेला. ब्राझीलमधल्या सेरा पेलादा सोन्याच्या खाणीचे त्याचे १९८६ चे फोटो हे या विषयातलं सगळ्यात अवघड प्रकरण आहे, कारण ते अतिशय सुंदर आहेत. एका प्रचंड खड्ड्यात हजारो माणसं, चिखलाने एकरंगी झालेली, लाकडी शिड्यांवर पाठीला पोती. बायबलातला प्रसंग वाटावा. इन्ग्रिड सिशी या समीक्षिकेने १९९१ मध्ये न्यूयॉर्करमध्ये नेमका हाच आक्षेप घेतला, की सौंदर्याने दुःखाचा काटाच निघून जातो. लेखिका सुझन सोंटागचा आक्षेप मला जास्त टोकदार वाटतो: मोठ्या माणसाच्या फोटोखाली नाव असतं, गरिबाच्या फोटोखाली त्याचा व्यवसाय.

गंमत म्हणजे सालगादो शिकलेला अर्थतज्ज्ञ, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला होता. खाणीचं अर्थकारण त्याला नक्की कळत होतं. तो खड्डा साधारण दोन बाय तीन मीटरच्या तुकड्यांत वाटलेला होता. प्रत्येक तुकड्याला मालक, त्याच्या हाताखाली खणणारे, पोती वाहणारे वेगळे, मजुरीचे आणि वाट्याचे हिशोब वेगळे. निघालेलं सोनं सरकारी बँक विकत घेत असे. म्हणजे तिथे मालक होता, नोकर होता, बँकेची खिडकी होती आणि बँकेमागे सरकार होतं. फोटोत मात्र सगळे एकाच चिखलाचे.

धागाकर्तीचा मुद्दा इथे सगळ्यात जास्त लागू पडतो असं माझं मत. आणि तरीही ते फोटो मी जाळू देणार नाही.

ओसरीवरून:

कॅनव्हास, चर्चगेटचा १९९५ चा फोटोही त्याचाच ना? लोकलमधून उतरलेली गर्दी लांब एक्स्पोजरने धूसर झालेली. मी त्या स्टेशनवर रोज उतरत असे. त्या धुरकट गर्दीतल्या कुणाला डबा पोचवायचा असतो, कुणाचं ८:४२ चुकलेलं असतं. परदेशातल्या गॅलरीत ते ‘स्थलांतरित मानवतेचा लोंढा’ होऊन लटकतं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण फोटोत असलो की कसं वाटतं.

नावाबद्दल म्हणाल तर साईनाथांचं ‘पारी’ संकेतस्थळ बघा, मराठीतही आहे. फोटोखाली माणसाचं नाव, गाव, जिल्हा, काम आणि कधीकधी मिळकतही. दिसायला साधी गोष्ट.

मांडवीकाठ:

गोंयकाराचं म्हणणं ऐका. आमच्याकडे उलटं. खाणींचे फोटो म्हणजे ड्रोनने वरून काढलेले तांबडे खड्डे आणि नदीतल्या बार्ज. माणूस औषधालाही नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ओळीने उभे केलेले टिपर सगळ्यांनी छापले. शेतात तांबडा गाळ शिरून वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या हंगामाचं) भात गेलं त्याचा फोटो काढायला गुडघाभर चिखलात उतरावं लागतं, म्हणून असेल.

स्पष्ट_बोलू_का:

मग उपाय काय? स्थानिक फोटोग्राफर नेमले की झालं, असं आता कुणीतरी म्हणेलच.

कॅनव्हास:

म्हणतोच. सॅमी बालोजी, जन्म काँगोतल्या लुबुंबाशीचा, १९७८ चा. त्याची ‘मेम्वार’ ही २००६ ची मालिका बघा. युनियन मिनिएरचं राष्ट्रीयीकरण होऊन झालेल्या जेकामिन कंपनीचे गंजके कारखाने, ओस पडलेली यार्डं. आणि त्यावर वसाहतीच्या काळातल्या संग्रहातले जुने कृष्णधवल मजूर कापून चिकटवलेले. काहींच्या गळ्यात साखळी. मजूर आणि त्याच्या कष्टाचं पुढे काय झालं हे एकाच चौकटीत. एकही रडका चेहरा नाही. मोरपंखी म्हणतात ती वही या माणसाने फोटोतच घातली आहे.

२०२० मध्ये कोविडने प्रवास बंद झाले तेव्हा फिनबार ओ’रायली या फोटोग्राफरला छायापत्रकारितेच्या कार्मिन्याक पुरस्कारासाठी काँगोत फिरता येईना. मग मोझेस सावासावा, आर्लेट बाशिझी, रायसा करामा अशा तिथल्याच मंडळींनी काम केलं. त्यात बाजार आहे, निवडणुकीचा राग आहे, कपड्यांची हौस आहे आणि बंदुकाही आहेत.

काळंपांढरं:

कौतुक आहेच. पण एक व्यवहाराची गोष्ट. तिथला पोरगाही फोटो विकतो त्याच डेस्कला. मी मेळघाटाजवळचाच होतो की, काय फरक पडला? घेणारा जे मागतो ते आपण काढायला शिकतो, नकळत.

ताई, तुमच्या त्या डेपोचं बघा. कोल्वेझीला मला पाठवलंत तर मी काट्यावरचं पोतं काढीन, यंत्र धरलेला हात काढीन, फळ्यावरचे दर वाचता येतील इतक्या जवळून काढीन, आणि खणणाऱ्याच्या तळहातावर मोजलेल्या नोटा. चार फ्रेममध्ये अख्खा व्यवहार. डेस्क विचारेल, यात चेहरा कुठाय?

खाडीपलीकडे:

डेस्कपर्यंत पोचलात तर! काट्याचा फोटो काढायला डेपोवाल्याची परवानगी लागेल, ती तो देणार नाही. खाणीच्या फाटकावर पहारा, आत शिरायला कागदपत्रं, कागदपत्रांसाठी चार खिडक्या. इकडे डेल्टात तेल टर्मिनलच्या बाहेरच्या रस्त्यावर कॅमेरा काढला तरी शिपाई धावत येतात. वाटेत पोतं घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. तो नाही म्हणू शकत नाही आणि म्हणाला तरी ऐकतं कोण. म्हणून सगळ्यांकडे त्याचाच फोटो आहे.

मोरपंखी:

खाडीपलीकडे, ग्लेनकोरच्या खटल्याची कागदपत्रं मात्र उघडी आहेत, कुणालाही वाचता येतात. सुरुवात तिथून करता येईल. कॅनव्हास, बालोजींवर वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

टंकाळा:

वाचनखूण साठवली. पाटील कुठे गेले?